सुईणीने पीएच.डी. केली तर बाळंतिणीला काय मिळतं?

बाळंतपणात बाळाचं डोकं दिसू लागलं की योनीमार्गाच्या तोंडाशी कात्रीने एक छेद द्यायचा आणि बाळ बाहेर आल्यावर तिथे टाके घालायचे, याला एपिझिओटॉमी म्हणतात. विसाव्या शतकात अनेक देशांच्या रुग्णालयांत हा छेद जवळपास नियमच झाला होता. आपोआप वेडंवाकडं फाटण्यापेक्षा सरळ कापलेलं बरं, जखम लवकर भरते, असं कारण त्यासाठी दिलं जायचं. ऐकायला ते पटायचंही. पण ते खरं आहे का, हे फारसं कुणी मोजून पाहिलं नव्हतं.

इंग्लंडच्या वेस्ट बर्कशायर भागात जेनिफर स्लीप या मिडवाइफने, म्हणजे प्रशिक्षित सुईणीने, ते मोजलं. सोबत संख्याशास्त्र जाणणारे संशोधक आणि डॉक्टर होते. १००० बायकांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी झाली. एका गटात बाळाला धोका दिसला तरच छेद द्यायचा, तर दुसऱ्या गटात फाटू नये म्हणून मोकळ्या हाताने द्यायचा, असं ठरलं. पहिल्या गटात सुमारे १० टक्के बायकांना छेद द्यावा लागला, दुसऱ्या गटात ५१ टक्के बायकांना दिला गेला. बाळांच्या तब्येतीत फरक दिसला नाही. दहा दिवसांनी आणि तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा आईच्या दुखण्यातही मोठा फरक नव्हता. उलट, कमी कापलेल्या गटात अजिबात इजा न झालेल्या बायका जास्त होत्या. हे निष्कर्ष १९८४ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आले.

पुढे इतर देशांतही असे अभ्यास झाले. आज जागतिक आरोग्य संघटना सरसकट एपिझिओटॉमीची शिफारस करत नाही. सुईणीने संशोधन का करावं, याचं सगळ्यात सोपं उत्तर या गोष्टीत आहे. बाळंतिणीशेजारी तासन् तास जी उभी असते, तिला जे प्रश्न दिसतात ते बाकीच्यांना दिसतीलच असं नाही.

आधी शब्द नीट समजून घेऊ

मराठीत 'सुईण' म्हटलं की गावातली अनुभवी बाई डोळ्यांसमोर येते. तिचं शिक्षण आजी, आई किंवा सासूकडून झालेलं असतं. सरकारी भाषेत तिला पारंपरिक दाई म्हणतात. 'मिडवाइफ' मात्र ठरावीक अभ्यासक्रम पूर्ण करून परिषदेकडे नोंदणी झालेली व्यावसायिक असते. मराठीत तिच्यासाठी 'प्रसाविका' हा शब्द आहे. एएनएम म्हणजे सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, यात तो दिसतो.

बऱ्याच देशांत मिडवाइफ हा नर्सपेक्षा वेगळा, स्वतंत्र व्यवसाय आहे. भारतात मात्र दोन्ही एकत्र बांधलेले आहेत. जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग झालेल्या व्यक्तीची नोंदणी 'नर्स आणि मिडवाइफ' अशी एकत्रच होते. त्यामुळे तीच सिस्टर आज लेबर रूममध्ये, पुढच्या महिन्यात आयसीयूत आणि त्यानंतर डोळ्यांच्या वॉर्डात असू शकते. बाळंतपणाच्या कामात मुरायला आणि त्यातून प्रश्न सुचायला जो सलग काळ लागतो, तो इथे सहजासहजी मिळत नाही. पुढच्या शिक्षणाच्या वाटेवरच्या बऱ्याच अडचणी इथून सुरू होतात.

सुईणींनी लिहिलेली विद्या जुनी आहे

सुईणींचं ज्ञान फक्त हातात आणि तोंडी होतं, असा समज आहे. इतिहास थोडा वेगळा आहे. फ्रान्सच्या राजघराण्यातली बाळंतपणं करणाऱ्या लुईज बुर्जुआ यांचं बाळंतपणशास्त्रावरचं पुस्तक १६०९ मध्ये छापलं गेलं. पॅरिसमधल्या मारी-लुईज लाशापेल यांनी हजारो बाळंतपणांच्या नोंदी ठेवल्या आणि त्यांवरून ग्रंथ लिहिला. त्याचा मोठा भाग १८२१ मध्ये त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाला. त्यांच्याच काळातल्या मारी ब्वाव्हाँ या सुईणीला १८२७ मध्ये जर्मनीतल्या मारबुर्ग विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. स्त्रियांना विद्यापीठात प्रवेशही मिळत नसे, त्या काळातली ही गोष्ट आहे.

महाराष्ट्राशी जोडलेला एक धागाही इथे आहे. डॉ. आनंदीबाई जोशी सुईण नव्हत्या, डॉक्टर होत्या. पण १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा.

भारतात पुढच्या शिक्षणाची शिडी कशी आहे?

दहावी-बारावीनंतर या क्षेत्रात येणाऱ्या मुलीसमोर, आणि आता मुलांसमोरही, साधारण अशा पायऱ्या असतात.

• एएनएम: दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रात, गावपातळीवर काम करणाऱ्या बहुतेक सिस्टर या वाटेने येतात.

• जीएनएम: तीन वर्षांची पदविका. रुग्णालयातल्या नर्सिंगच्या कामाचा पाया.

• बीएस्सी नर्सिंग: चार वर्षांची पदवी. बाळंतपणशास्त्र हा यातला मोठा विषय आहे. संशोधन म्हणजे काय आणि संख्याशास्त्र कसं वापरायचं, याची तोंडओळखही इथेच होते.

• पोस्ट बेसिक बीएस्सी: जीएनएम झालेल्यांसाठी दोन वर्षांची पदवी. नोकरीत असलेल्या अनेक जणी याच दाराने विद्यापीठात पोहोचतात.

• एमएस्सी नर्सिंग: दोन वर्षं. इथे विशेष विषय निवडावा लागतो. बाळंतपणाकडे वळायचं असेल तर 'ऑब्स्टेट्रिक अँड गायनॅकॉलॉजिकल नर्सिंग' ही शाखा असते. स्वतंत्र प्रबंध लिहिणं बंधनकारक असतं.

• पीएच.डी.: विद्यापीठाची प्रवेश परीक्षा, मुलाखत, कोर्सवर्क आणि मग प्रबंध.

महाराष्ट्रात बीएस्सीपासून पीएच.डी.पर्यंतचे बरेच अभ्यासक्रम नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली येतात. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग हे जुनं नाव आहे. देशपातळीवर भारतीय परिचर्या परिषदेने २००५ मध्ये बंगळुरूच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाबरोबर नर्सिंगमधल्या पीएच.डी.साठी राष्ट्रीय कन्सोर्शियम सुरू केलं.

पूर्वी एमएस्सी आणि पीएच.डी.च्या मध्ये एम.फिल. ही पायरी असायची. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ती बंद केली. याच नियमांनुसार पीएच.डी.ला किमान तीन आणि साधारण कमाल सहा वर्षं मिळतात. स्त्री संशोधकांना दोन वर्षांची जादा सवलत आहे, शिवाय संपूर्ण काळात २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा मिळू शकते. बाळंतपणावर संशोधन करणाऱ्या बाईला स्वतःच्या बाळंतपणामुळे संशोधन सोडावं लागू नये, एवढी सोय तरी कागदावर आहे. प्रवेशाच्या अटी आणि गुणांची किमान मर्यादा वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी विद्यापीठाचं त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचलेलं बरं.

एनपीएम: शिडीला जोडलेली वेगळी पायरी

वरच्या शिडीत एक मोठी उणीव होती. एमएस्सी झाली की बहुतेक जणी कॉलेजात शिकवायला जायच्या. प्रत्यक्ष बाळंतपणाच्या कामात तज्ज्ञ व्हायचं आणि तिथेच राहायचं असेल, तर त्यासाठी ठळक अशी वाटच नव्हती.

डिसेंबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने मिडवाइफरी सेवांसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. त्यातून 'नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी', म्हणजे एनपीएम, हा अभ्यासक्रम आला. नोंदणी झालेल्या, बाळंतपणाच्या कामाचा अनुभव असलेल्या नर्ससाठी तो १८ महिन्यांचा आहे. या आकड्यालाही संदर्भ आहे. मिडवाइफच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने जागतिक निकष ठरवून दिले आहेत. आधी नर्स असलेल्या व्यक्तीला मिडवाइफ होण्यासाठी किमान १८ महिने आणि थेट प्रवेश घेणाऱ्या व्यक्तीला किमान तीन वर्षं शिक्षण हवं, असं ते सांगतात.

अशा एनपीएम सिस्टरनी मोठ्या रुग्णालयांतल्या स्वतंत्र मिडवाइफ-केंद्रित कक्षांत काम करावं, अशी कल्पना आहे. कमी जोखमीची बाळंतपणं त्या सांभाळतील आणि गुंतागुंत दिसली की शेजारीच असलेल्या डॉक्टरांच्या पथकाकडे सोपवतील. तेलंगणाने यात आधीच पाऊल टाकलं होतं. तिथे हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलच्या मदतीने सरकारी नर्सचं १८ महिन्यांचं प्रशिक्षण २०१७ मध्येच सुरू झालं.

एनपीएम ही संशोधनाची पदवी नाही. पण संशोधनासाठी लागणारी एक गोष्ट ती देते, ती म्हणजे एकाच कामात सलग राहण्याची संधी.

'ज्ञान वाढलं' म्हणजे काय बदललं?

भारतातल्या नर्सिंग कॉलेजांचे प्रबंध चाळले तर एक साचा वारंवार दिसतो. एखादा विषय घ्यायचा, समजा स्तनपान किंवा गरोदरपणातला आहार. साठ-सत्तर बायकांना प्रश्नावली द्यायची. मग तक्ते-चित्रं दाखवून माहिती द्यायची आणि तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्यायची. गुण वाढलेले दिसतात आणि 'नियोजित शिक्षण कार्यक्रम प्रभावी ठरला' असा निष्कर्ष निघतो.

यात खोटं काही नाही. पण नुकतंच शिकवलेलं लगेच विचारलं तर गुण वाढणारच. त्या बाईने बाळाला पहिल्या तासात पाजलं का, तिला पाजू दिलं का, सहा महिन्यांनी ती अजून पाजत होती का, हे त्यातून कळत नाही. दोन वर्षांत एमएस्सी संपवायची, त्यात नमुना गोळा करायचा, परवानग्या मिळवायच्या आणि परीक्षाही द्यायची, या धावपळीत हा साचा सोयीचा पडतो. मार्गदर्शकही त्याच साच्यातून आलेले असतात.

दुसऱ्या प्रकारचा प्रश्न थेट बाळंतिणीच्या अंगाला भिडतो. टाके किती जणींना पडले? पोट वरून दाबून बाळ काढायचा प्रयत्न किती वेळा झाला? कळा देताना सोबत कुणाला थांबू दिलं का? बाळाची नाळ कापायला किती वेळ थांबले? या प्रश्नांची उत्तरं मिळाली तर उद्या सकाळच्या पाळीतच काहीतरी बदलता येतं.

हे महत्त्वाचं आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात ८८.६ टक्के आणि महाराष्ट्रात ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होतात. बाई दवाखान्यात पोहोचली की नाही, हा जुना प्रश्न बऱ्याच अंशी मागे पडला आहे. आता प्रश्न असा आहे की तिथे पोहोचल्यावर तिच्यासोबत काय होतं. आणि त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ सिस्टरच असते.

एका प्रश्नाचा अभ्यास कसा होतो?

समजा, एका सिस्टरला वाटतं की टेबलावर उताणं झोपवून जोर लावायला सांगण्यापेक्षा बाईला कुशीवर किंवा बसतं राहू दिलं तर बरं होईल. या 'वाटण्या'पासून संशोधनापर्यंत साधारण असा प्रवास होतो.

१. आधी काय झालंय ते शोधणं. या विषयावर जगभरात प्रयोग झाले आहेत. आरोग्यविषयक अभ्यास एकत्र करून तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात, पाठीत भुलीचं इंजेक्शन न घेतलेल्या बायकांमध्ये उभट स्थितीचे फायदे दिसले. एपिझिओटॉमी कमी झाल्या, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावायची वेळ कमी आली. पण ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त रक्तस्राव होण्याचं प्रमाण थोडं वाढण्याची शक्यताही दिसली. म्हणजे आपल्या आवडत्या कल्पनेची दुसरी बाजूही इथेच कळते.

२. प्रश्न बारीक करणं. 'कुशीवर बाळंतपण चांगलं का?' हा प्रश्न फार मोठा झाला. 'जिल्हा रुग्णालयात येणाऱ्या, कमी जोखमीच्या पहिलटकरणींना कुशीवर जोर लावू दिला तर टाके लागण्याचं प्रमाण बदलतं का?' याचं उत्तर शोधता येतं.

३. मोजायचं काय ते आधीच ठरवणं. टाके, रक्तस्राव, बाळाची स्थिती, आईचं समाधान. यातलं मुख्य काय हे सुरुवातीलाच लिहून ठेवायचं असतं. नंतर जे चांगलं दिसेल ते पुढे करायचं नाही.

४. किती बायका लागतील याचा हिशेब. तीसवरून निष्कर्ष निघेल की तीनशे लागतील, हे संख्याशास्त्र सांगतं. या टप्प्यावर संख्याशास्त्रज्ञाची मदत घेणं शहाणपणाचं असतं. सगळी माहिती गोळा झाल्यावर त्याच्याकडे गेलं तर फार उशीर झालेला असतो.

५. नीतिशास्त्र समितीची परवानगी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं इथे लागू होतात. उपचाराची पद्धत बदलून पाहायची असेल तर भारतीय क्लिनिकल ट्रायल नोंदणीपटावर अभ्यासाची नोंद आधी करायची असते.

६. मग प्रत्यक्ष काम, विश्लेषण आणि प्रकाशन. निकाल आपल्या मनाविरुद्ध आला तरी तो छापायचा असतो.

सगळ्या प्रश्नांना आकड्यांतच उत्तरं मिळतात असंही नाही. 'लेबर रूममध्ये तुमच्याशी कसं बोललं गेलं?' याचं उत्तर बायकांशी सविस्तर बोलूनच मिळतं. अशा मुलाखतींचं काटेकोर विश्लेषण करण्याच्या शास्त्रीय पद्धती आहेत. त्याला गुणात्मक संशोधन म्हणतात. भाषा, जात, गरिबी आणि भीती या गोष्टी अनेकदा इथेच उघड होतात.

कळा देणारी बाई 'हो' म्हणते, तेव्हा ती खरंच हो म्हणते का?

या क्षेत्रातला हा सगळ्यात नाजूक प्रश्न आहे. कळांनी हैराण झालेल्या बाईपुढे चार पानी संमतिपत्र धरलं तर ती कुठेही सही करेल किंवा अंगठा उठवेल. शिवाय विचारणारी तीच सिस्टर असते, जिच्या हातात पुढचे काही तास तिचा जीव आहे. नाही म्हटलं तर नीट पाहणार नाहीत, ही भीती बोलून दाखवली जात नाही, पण ती असते.

म्हणून चांगल्या अभ्यासात संमतीची बोलणी गरोदरपणाच्या तपासणीवेळीच सुरू होतात. माहिती बाईच्या भाषेत दिली जाते, घरच्यांशी बोलायला वेळ दिला जातो. ऐन वेळी फक्त पुन्हा एकदा विचारलं जातं. शक्य असेल तिथे संमती घेणारी व्यक्ती उपचार करणाऱ्या व्यक्तीपेक्षा वेगळी ठेवतात. आणि कधीही माघार घेता येते, त्याने उपचारात फरक पडणार नाही, हे नुसतं लिहिलेलं पुरत नाही. ते बाईला पटेल अशा शब्दांत सांगावं लागतं.

जगभरातून हाती आलेले पुरावे

जेनिफर स्लीप एकट्या नव्हत्या. त्याच सुमारास इंग्लंडमध्येच मोना रॉमनी या मिडवाइफने बाळंतपणाआधी केस काढणं आणि एनिमा देणं या दोन रूढ प्रथा तपासल्या. सरसकट सगळ्यांना हे करण्यात फायदा नाही, असं दिसून आलं. भारतातल्या अनेक दवाखान्यांत या प्रथा पुढेही चालू राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या बाळंतपणविषयक शिफारशींत दोन्हींना नकार आहे. वरून पोट दाबण्यालाही नकार आहे.

दुसरं मोठं उदाहरण किंग्ज कॉलेज लंडनच्या प्राध्यापक जेन सँडल यांचं. त्या स्वतः मिडवाइफ आहेत. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत त्याच ओळखीच्या मिडवाइफने सोबत केली तर काय फरक पडतो, या प्रश्नावरचा कोक्रेन आढावा त्यांच्या नेतृत्वाखाली झाला. २०१६ च्या आवृत्तीत १५ अभ्यास आणि १७,६७४ बायका होत्या. कमी दिवसांच्या बाळंतपणाचं प्रमाण घटतं, असा एक निष्कर्ष तेव्हा गाजला. २०२४ मध्ये आढावा अद्ययावत झाला. नैसर्गिक बाळंतपण वाढतं आणि आयांचा अनुभव चांगला राहतो, हे त्यातही दिसलं. पण कमी दिवसांच्या बाळंतपणाबद्दलचा आधीचा निष्कर्ष तितका ठाम राहिला नाही. संशोधन असंच पुढे जातं. गाजलेली गोष्टही पुन्हा तपासली जाते आणि तपासणारी अनेकदा त्याच व्यवसायातली असते.

या आढाव्यांतले अभ्यास मुख्यतः श्रीमंत देशांतले आहेत. तिथली मिडवाइफ स्वतंत्रपणे काम करते, तिच्या वाट्याला ठरावीक बायका येतात. आपल्याकडच्या गर्दीच्या जिल्हा रुग्णालयात तोच परिणाम दिसेल का, हे इथेच मोजावं लागेल. ते लंडनहून आयात करता येणार नाही.

गडचिरोलीने दिलेला धडा

मोजण्याचं काम फक्त मोठ्या पदव्यांचं नसतं, हे महाराष्ट्राने जगाला दाखवलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीतल्या ३९ गावांत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना प्रशिक्षण दिलं गेलं. दाईंनाही सोबत घेतलं गेलं. या बायकांनी बाळांना तपासलं, वजनं केली, नोंदी ठेवल्या. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने इथे नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला आणि नवजात बाळांच्या घरगुती काळजीचं धोरण घडण्यात त्याचा मोठा वाटा राहिला.

पाचवी-दहावी शिकलेल्या बायकांनी ठेवलेल्या नोंदी जगातल्या अव्वल वैद्यकीय नियतकालिकापर्यंत पोहोचू शकतात. मग नोंदणीकृत प्रसाविकेच्या लेबर रूमच्या रजिस्टरमध्ये किती काय दडलेलं असेल, याची कल्पना करता येते.

अडतं कुठे?

पहिली अडचण नोकरीची आहे. अभ्यासासाठी रजा मिळणं, पाळ्या सांभाळणं, घर सांभाळणं. पीएच.डी.ची तीन-चार वर्षं पगाराविना काढणं अनेकींना शक्य नसतं.

दुसरी अडचण भाषेची. बायकांशी बोलणं मराठीत, माडियात किंवा भिलीत होतं, पण प्रबंध इंग्रजीत लिहावा लागतो. 'कंबर धरली', 'पाणी गेलं', 'जीव घाबरा झाला' अशा शब्दांचं इंग्रजी करताना अर्थ निसटतो. ही तारेवरची कसरत करणाऱ्या संशोधक सिस्टरला दोन्ही भाषा येणं हे मोठं भांडवल आहे, पण परीक्षेत त्याला गुण नसतात.

तिसरी अडचण फसव्या नियतकालिकांची. पैसे भरा आणि आठवड्यात लेख छापून घ्या, असे मेल संशोधकांना येतात. तिथे छापलेल्या लेखाची कुणी नीट तपासणी केलेली नसते. पदोन्नतीसाठी आकडा वाढतो, पण त्याने बाळंतपणाची पद्धत कुठेही बदलत नाही.

चौथी आणि सगळ्यात खोल अडचण शिडीच्या रचनेतच आहे. एमएस्सी किंवा पीएच.डी. झालेल्या सिस्टरसाठी जागा असतात त्या मुख्यतः कॉलेजात. म्हणजे जितकं शिक्षण जास्त, तितकी ती बाळंतिणीपासून लांब. लेबर रूममध्ये उरतात त्या कामाच्या ओझ्याने वाकलेल्या सिस्टर, ज्यांना प्रश्न दिसतात पण तपासायला सवड नसते. प्राध्यापकांकडे पद्धत आहे, पण त्यांच्यासमोर बाळंतीण नाही. ब्रिटनसारख्या देशांत अर्धा वेळ विद्यापीठात आणि अर्धा वेळ प्रत्यक्ष सेवेत अशी पदं तयार करण्याचा प्रयत्न झाला आहे. आपल्याकडे नर्सिंग कॉलेज आणि त्याला जोडलेलं रुग्णालय अनेकदा एकाच आवारात असूनही त्यांच्यातली भिंत जाड असते.

२०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय नर्सिंग आणि मिडवाइफरी आयोग कायदा मंजूर केला. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी तो आणला गेला. मिडवाइफरीचं नाव कायद्याच्या मथळ्यात आलं, ही लहान गोष्ट नाही. पण लेबर रूममध्ये राहून संशोधन करण्याची पदं निर्माण झाली तरच त्या नावाला वजन येईल.

परदेशात शिकायचं असेल तर

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडसारख्या देशांत मिडवाइफरीत एमएस्सी आणि पीएच.डी. करता येते. मात्र एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. तिथे विद्यापीठात प्रवेश मिळणं वेगळं आणि मिडवाइफ म्हणून काम करण्याची परवानगी मिळणं वेगळं. ब्रिटनच्या परिषदेत नर्स आणि मिडवाइफ यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत, परीक्षाही वेगळ्या आहेत. भारतात मिळालेली 'नर्स आणि मिडवाइफ' ही जोड-नोंदणी तिथे दोन्ही दारं आपोआप उघडत नाही. फी भरण्याआधी त्या देशाच्या नियामक संस्थेचे नियम वाचावेत, केवळ एजंटच्या शब्दावर जाऊ नये.

सुरुवात रजिस्टरपासूनही होते

पीएच.डी. हा शेवटचा टप्पा आहे, पहिला नाही. लेबर रूममधल्या सिस्टरला आजच करता येईल अशी गोष्ट म्हणजे ऑडिट. वरिष्ठांची परवानगी घेऊन गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी काढायच्या. पहिलटकरणी किती होत्या, त्यातल्या किती जणींना छेद दिला, कारण लिहिलंय का, पाळीनुसार आकडा बदलतो का. नावं बाजूला ठेवायची, फक्त आकडे मांडायचे आणि विभागाच्या बैठकीत सगळ्यांसमोर ठेवायचे. मग एखादा बदल ठरवायचा आणि तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं.

यातून पदवी मिळत नाही. पण आपण रोज जे करतो ते तपासण्याजोगं आहे, ही सवय इथे लागते. पुढे एमएस्सीचा विषय निवडताना किंवा पीएच.डी.च्या मुलाखतीत 'तुमचा प्रश्न काय?' असं विचारल्यावर, हीच सवय उत्तर देते.

२०२१ च्या 'स्टेट ऑफ द वर्ल्ड्स मिडवाइफरी' अहवालानुसार जगाला सुमारे नऊ लाख मिडवाइफ कमी पडतात. ही संख्या भरून काढायला वर्षं लागतील. पण ज्या आहेत, त्यांच्यापैकी काही जणींना मोजायला, लिहायला आणि ते लिहून झाल्यावर पुन्हा लेबर रूममध्ये परत यायला वाव मिळाला, तर पुढच्या बाळंतिणीला एखादा नको असलेला टाका कमी पडेल.